एका जागेसाठी मी आणि मी

महाराष्ट्राच्या मुलींच्या फुटबॉल संघाच्या निवडीसाठी आमच्या जिल्ह्यातून एकच फॉरवर्ड पाठवायची होती, आणि त्या एका जागेसाठी शेवटी दोन नावं उरली. ती दोन्ही माझी होती. एकीला घेतलं, एकीला डावललं, आणि दोघींनाही रीतसर पत्रं आली. हे सांगायला लागले की नातवंडं म्हणतात, आजी, काहीतरीच तुझं. त्यांचं अजून कुठल्याच कमिटीशी काम पडलेलं नाही, म्हणून मी त्यांच्यावर रागावत नाही. नावं मात्र मी इथे सांगणार नाही, माझी दोन्हीही नाहीत आणि इतर कोणाचीही नाहीत. नावांनी मला आयुष्यात पुरेसा ताप दिलेला आहे.

माझं माहेर कोंडाण्याचं. लेणी बघायला येणारी माणसं आमच्या अंगणात पाणी मागायची आणि लेणी कोणी खोदली असं विचारायची, जसे काही आमचे काका त्या कामावर होते. शाळेला मी कर्जतला चालत जायची. शाळेने मुलींसाठी लेझमी मागवल्या होत्या, त्याऐवजी जिल्ह्याहून सहा फुटबॉल आले. परत पाठवायचे तर चूक कोणाची हे लिहून द्यावं लागणार होतं, आणि ते लिहून द्यायला कोणीच तयार नव्हतं. मग खेळाच्या सरांनी ठरवलं की मुलींनी फुटबॉलच खेळावा. आमच्या भागात मुलींच्या फुटबॉलची सुरुवात झाली ती अशी.

सरांनाही हा खेळ नवा होता. त्यांच्याकडे नियमांचं एक इंग्रजी पुस्तक होतं आणि ते त्यातून पंचांग सांगितल्यासारखं आम्हाला वाचून दाखवायचे. ऑफसाइड म्हणजे काय हे त्यांनी दर आठवड्याला वेगळं सांगितलं. आम्ही खेळायचो ते कापणी झालेल्या खाचरात. भाताची धसकटं पायाला टोचायची, त्यामुळे पाय उचलून पळायची सवय आपोआप लागली. एकदा उजव्या तळव्यात धसकट घुसलं तेव्हा महिनाभर मी डाव्या पायाने मारत होते, आणि उजवा बरा झाला तरी डावाच वरचढ राहिला. पुढे लोक माझ्या डाव्या पायाचं कौतुक करायचे. मी धसकटाचा विषय काढत नसे.

पहिल्या सामन्याला गावातली जाणती मंडळी आली ती पोरींनी असं उघड्या पायांनी धावणं शोभतं का, हे ठरवायला. भाताच्या लावणीला ह्याच पोरी गुडघ्यापर्यंत कासोटा मारून दिवसभर चिखलात उभ्या असायच्या तेव्हा कोणाला काही शोभत-बिभत नव्हतं. अर्ध्या तासाने मंडळी ते ठरवायचं विसरली आणि दुसरा गोल धरायला हवा होता की नको यावर त्यांची जुंपली. माझे बाबा बांधावर उभे होते. मध्यंतरात त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं, "गं, त्या समोरच्या पोरीला धक्का नको देऊस. पावनी हाय ती."

मला तेव्हापासून एकच हवं होतं, महाराष्ट्राकडून खेळायचं. याचं मोठं काही कारण नव्हतं. चेंडू डाव्या पायावर नीट बसला की अंगातून जे काही जायचं, तसं दुसऱ्या कशानेच होत नसे, आणि ते मला आणखी मोठ्या मैदानावर हवं होतं. त्या थंडीत जिल्ह्याचे सामने झाले. मी नऊ गोल केले. माझं नाव, म्हणजे तेव्हाचं नाव, जिल्ह्याच्या यादीत पहिलं लागलं.

आणि मे महिन्यात माझं लग्न झालं.

नवरा साजगावचा, कारखान्यात कामाला आणि कारखान्याच्या टीमचा गोलकीपर. एका सरावाच्या सामन्यात मी त्याच्यावर गोल केला होता, त्यानंतर आठ दिवसांत त्याच्याकडची माणसं मला बघायला आली. तो अजूनही सांगतो की तो गोल त्याने मुद्दाम सोडला. मी त्याला तसं समजू देते. सासूबाईंनी मला चालून दाखवायला सांगितलं नाही, कारण मी पळते कशी हे त्यांच्या मुलाने घरी सांगितलंच होतं. त्यांची अट एकच होती. "खेळू दे की पोरीला. पायच हायेत, पळनारच. पन नाव आमी ठेवू."

त्या काळी त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं नाही. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यात माझं नवं नाव गिरवलं, सगळ्यांनी वाकून बघितलं, पेढे वाटले. बापाचं नाव जाऊन नवऱ्याचं आलं, आडनाव बदललं आणि खुद्द माझं नावही बदललं. सासूबाईंनी आपल्या नवसाच्या देवीचं नाव मला दिलं होतं. त्यांनी बजावलं, "ते माहेरचं नाव आता या घरात कुनी घ्यायचं नाय. बाहेरचं कुनी बसलंय घरात असं वाटतं." मी मान हलवली. मला वाटलं, नावात काय एवढं, गोल तर पायाने मारायचे असतात.

दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या बायकांचे सामने झाले. आमच्या टीममधल्या निम्म्या बायका आयुष्यात पहिल्यांदा चेंडूला पाय लावत होत्या आणि चेंडूची माफी मागत होत्या. मी नव्या नावाने खेळले. मागून कोणी "अगं अमके, घे!" असं ओरडलं की ती अमकी कोण म्हणून मी मागे वळून बघायची, आणि चेंडू शेजारून निघून जायचा. तरी मी तीन गोल केले. कारखान्याने ती यादीही जिल्ह्याला पाठवली.

पत्रं आली ती त्यानंतर. एका दुपारी पोस्टमनने मला पत्र दिलं. आपला खेळ समाधानकारक असला तरी आपल्यापेक्षा सरस खेळाडू उपलब्ध असल्यामुळे आपली निवड होऊ शकत नाही, असं त्यात होतं. मी चुलीपुढे बसून रडले. हुंदके देऊन रडले, सांगायला लाज वाटत नाही. सासूबाई म्हणाल्या, "कोन ती सरस? बगू तरी एकदा तिला." संध्याकाळी बाबा आले. कोंडाण्याहून कर्जतपर्यंत चालत, पुढे खोपोलीच्या गाडीने. डोक्याला पागोटं, हातात पेढ्यांचा पुडा आणि खिशात पत्र. माहेरच्या नावावर आलेलं. माझी निवड झाली होती आणि सोमवारी मला पुण्याला निवड चाचणीच्या शिबिराला हजर व्हायचं होतं.

दोन्ही पत्रं घोंगडीवर शेजारी शेजारी ठेवून आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत बसलो. दोन्हींवर सही एकाच माणसाची होती आणि तारीखही एकच. बाबांनी पुडा हातात धरून ठेवला होता. शेवटी ते म्हणाले, "विहीणबाई, आता मी हे पेढे वाटू का नको, ता तुमीच सांगा." नवरा म्हणाला, "वाटा. ती सरस निघाली ती पन आपलीच हाय." त्यावर सासूबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पाणी प्यायला उठला.

दुसऱ्या दिवशी मी आणि नवरा जिल्ह्याच्या गावी निवड समितीच्या सचिवांना भेटायला गेलो. आमच्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणायचे. पुढे त्याचंही नाव बदलून रायगड झालं, पण तो आधीचाच जिल्हा आहे याचं प्रतिज्ञापत्र त्याच्याकडे कोणी मागितल्याचं मी ऐकलं नाही. सचिव सज्जन होते. त्यांनी चहा मागवला आणि दोन्ही नावांचे कागद काढून पुढ्यात ठेवले.

"आम्ही दोघींचा तौलनिक अभ्यास केला," ते म्हणाले. "पहिलीचा खेळ उपजत आहे. दुसरीने, म्हणजे तुम्ही, राग मानू नका, पण तुम्ही पहिलीची नक्कल करता. तिच्यासारखंच डाव्या पायाने मारता, तिच्यासारखंच पाय उचलून पळता. पण नक्कल ती नक्कल."

मी म्हटलं, "साहेब, ती मीच आहे."

ते हसले. "प्रत्येक खेळाडूला असंच वाटतं. आत्मविश्वास चांगलाच आहे."

नवऱ्याने लग्न, तांदूळ, अंगठी सगळं समजावून सांगितलं. सचिवांचा चहा तसाच राहिला. आपण एकाच मुलीची तिच्याशीच तुलना केली हे त्यांना कळलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला. पण कमिटीचा ठराव झालेला होता. ठराव बदलायला कमिटी बोलवावी लागणार आणि कमिटीपुढे चूक कबूल करावी लागणार. त्यापेक्षा मीच बदललेलं बरं, असं त्यांच्या मनाने घेतलं. "तुम्ही तहसीलमधून कागद आणा, दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचा. मग माझी काही हरकत नाही."

खालापूरच्या तहसील कचेरीत ज्या भाऊसाहेबांकडे आम्हाला पाठवलं त्यांना मी विसरणं शक्य नाही. माणूस एका शब्दानेही उद्धट बोलला नाही. त्यांनी लग्नपत्रिका मागितली. आम्ही दिली. ती त्यांनी दोनदा वाचली आणि म्हणाले, "यात माहेरच्या नावाची मुलगी लग्न करते आहे एवढं दिसतं. ती तुम्ही झालात हे कुठे दिसतं?"

नवरा म्हणाला, "नाव तांदळात लिवलं होतं, भाऊसाहेब."

"मग ते तांदूळ?"

"दुसऱ्या दिवशी भात केला."

भाऊसाहेबांनी मान हलवली. पुरावा खाऊन टाकणारी माणसं त्यांना नवी नसावीत. मग त्यांनी तोडगा सांगितला. प्रतिज्ञापत्र करता येईल, पण एका बाईने दुसरीबद्दल परस्पर लिहून दिलेलं चालणार नाही. उद्या ती दुसरी येऊन तक्रार करेल. तेव्हा दोघींनी समक्ष येऊन सह्या कराव्यात. मी म्हटलं, मीच दोनदा सही करते. ते दचकले. "अहो बाई, ही तर बनवाबनवी झाली." दुसरा मार्ग होता तो राजपत्रात नाव छापून आणायचा, आणि त्याला काही महिने लागणार होते. शिबिर तीन दिवसांवर आलं होतं. परतीच्या एस्टीत मी नवऱ्याशी एक शब्द बोलले नाही. अंगठी त्याचीच होती ना.

रविवारी सकाळी सासूबाईंनी लुगड्याच्या गाठोड्यात भाकऱ्या बांधल्या आणि म्हणाल्या, "चल पुन्याला." नवऱ्याची कारखान्यात पाळी होती, आणि नव्या सुनेला एकटीला कोण पाठवणार. "आत्या, तिथं घेनार नाय मला," मी म्हटलं. "नाय घेतलं तर बगून येऊ," त्या म्हणाल्या. "ती सरस कोन हाय ती तरी दिसंल." सगळं समजावून सांगूनही त्यांच्या मनात ती दुसरी कुठेतरी असणारच, असं पक्कं बसलं होतं. एस्टी घाट चढत असताना मला उलट्या झाल्या आणि त्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. रात्री त्यांच्या मावसबहिणीकडे उतरलो.

सोमवारी मैदानाच्या दाराशी एक म्हातारेसे गृहस्थ टेबल मांडून बसले होते. जाड भिंगांचा चष्मा, पुढ्यात यादी, आणि मान कायम यादीत. मी माझं नाव सांगितलं. सासूबाई शेजारी उभ्या होत्या, म्हणून सासरचं सांगितलं. त्यांनी मान वर न करता बोट फिरवलं. "नाव नाही. तुम्हाला नाकारल्याची प्रत माझ्याकडे आहे. पुढचं कोण?" मी सगळी हकीकत सांगायला लागले. मागे नागपूरकडच्या मुली उभ्या होत्या, त्या हसायला लागल्या. गृहस्थ म्हणाले, "बाई, जिची निवड झाली आहे त्या मुलीची आम्ही वाट बघतोय. तुम्ही तिच्या जागेवर हक्क सांगू नका. बरं दिसत नाही."

आम्ही कुंपणाच्या बाहेर चिंचेखाली बसलो. आत मुली खेळत होत्या. माझ्या जागेवर ते एकेकीला उभं करून बघत होते आणि एकीचाही डावा पाय धड नव्हता. एक मुलगी मोकळ्या गोलपुढे चेंडू थांबवून त्याच्याकडे बघत बसली. माझ्या पोटऱ्या बसल्या जागी आखडत होत्या. कुंपणाजवळ दोन निवड करणारे उभे होते, त्यांचं बोलणं आम्हाला ऐकू येत होतं. "कुलाब्याची ती पोरगी अजून आली नाही. नऊ गोल आहेत तिचे." दुसरा म्हणाला, "उद्या चारपर्यंत बघू. नाही आली तर काढून टाकू, दुसऱ्या जिल्ह्याची घेऊ." मी इथेच आहे, तुमच्यापासून दहा पावलांवर, असं मला ओरडावंसं वाटलं. मी ओरडले नाही. नवी सून होते.

सासूबाई दिवसभर आतल्या मुली बघत होत्या. मंगळवारी आम्ही पुन्हा तिथेच येऊन बसलो. दुपारी भाकरी खाताना त्या म्हणाल्या, "ती काय येत नाय."

"कोण, आत्या?"

"ती. सरस." मग त्यांनी बोटाला लागलेली चटणी भाकरीला पुसली. "ती यायची कशी. तिला तर मीच घालवली."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. इतके महिने मी त्यांना घाबरत होते, आणि त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की माझ्यातली अर्धी भाकरी मी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

साडेतीन वाजता त्यांनी माझा हात धरून मला नळावर नेलं. गाठोड्यातला साबण काढला आणि माझ्या हातातल्या हिरव्या बांगड्या एकेक करून उतरवल्या, एकही न फुटू देता. मग गळ्यातलं मंगळसूत्र काढून स्वतःच्या कनवटीला खोचलं. मी म्हटलं, आत्या, हे काय, अपशकुन होईल. "गप गं. फुटलं नाय ना काय? मंग कसला अपशकुन." पदराचं टोक ओलं करून त्यांनी माझं कुंकू पुसलं आणि तिथे बारीकशी टिकली लावली, शाळेतल्या मुली लावतात तशी. दोन पावलं मागे सरून त्यांनी मला एकदा निरखून बघितलं. "चल," म्हणाल्या, "आन काय सांगायचं ता नीट सांग."

टेबलाजवळ गेल्यावर मी माझं माहेरचं नाव सांगितलं. सासूबाईंच्या समोर, मोठ्याने, बापाचं नाव आणि आडनावासकट. लग्नानंतर ते मी पहिल्यांदाच उच्चारत होते. गृहस्थांनी यादीत बोट ठेवलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच मान वर केली. "अहो, कुठे होतात तुम्ही? काल एक बाई तुमच्या जागेवर घुसायला बघत होती!" मी म्हटलं, गाडी चुकली. त्यांनी मला ओळखलं नाही. भिंगं जाड असतील, पण मला वाटतं, यादीत नाव सापडलं की माणसाला चेहरा बघायची फारशी गरज पडत नाही.

त्यांनी अर्ज पुढे ओढला. वय, उंची, जागा, फॉरवर्ड. "अविवाहित," असं त्यांनी स्वतःच म्हणत लिहूनही टाकलं. मग लेखणी थांबली. "पालकांची सही लागेल. मुलगी परगावी खेळायला जाणार, संमती हवी. वडील आलेत?"

बाबा कोंडाण्याला होते. पावणेचार झाले होते. मी काही बोलणार एवढ्यात गृहस्थांनी माझ्यामागे बघितलं. "मावशी, तुम्ही हिच्या कोण?"

खोटं बोलायची सासूबाईंना सवय नव्हती. बाजारात वजनाला कमी देणाऱ्याच्या सात पिढ्या काढणारी बाई ती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आत मैदानाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आई."

शाईचं पॅड पुढे आलं. त्यांनी अंगठा भिजवला आणि संमतीच्या रकान्यात दाबून धरला, जरुरीपेक्षा जास्त वेळ. खाली गृहस्थांनी कंसात लिहिलं, मुलीची आई. मग कागद वाळवत ते आपुलकीने म्हणाले, "मावशी, एक सांगू? पोरगी गुणाची आहे. इतक्यात हिचं लग्न करू नका. लग्न झालं की खेळ संपतो."

"नाय करनार," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवून त्यांनी मला दाराच्या आत ढकललं. "जा गं. मला काय घाई नाय."